कलिंगपट्टणमचं वादळ आणि मांजराकाठची बनीम

"नुकसानीचं कारण काय लिहू?" फोनवरच्या मुलीनं विचारलं आणि आमचा दादा गप्प झाला. 29 सप्टेंबर 2021 ची सकाळ होती. गावात दोन दिवस वीज नव्हती, रेंज फक्त मारुतीच्या मागच्या टेकाडावर येत होती, म्हणून आम्ही दोघं तिथं चिखलात उभे होतो. दादानं माझ्याकडं पाहिलं. मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. मलाही पटकन एक शब्द सुचला नाही. शेवटी दादाच म्हणाला, "पूर लिहा ताई."

या एका शब्दामुळं त्याचा पीकविम्याचा दावा पहिल्या फेरीत परत आला. तिथून गावात जो वाद सुरू झाला, तो वादळं, जुना इतिहास आणि हवामानबदल असा फिरून पुन्हा दादाच्या अर्जावर आला. हे सगळं प्रकरण मी जवळून पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो आहे.

तीन दिवसांत काय झालं

त्या वर्षी सोयाबीनच्या भावानं सगळ्यांची झोप उडवली होती. ऑगस्टच्या सुरुवातीला लातूरच्या बाजारात क्विंटलचा भाव दहा हजारांच्या वर गेला, मग सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली आणि सप्टेंबरात तो झरझर उतरू लागला. नवा माल बाजारात येण्याआधी आपलं पोतं काट्यावर चढावं अशी प्रत्येकाची घाई. दादाचं पाच एकर सोयाबीन पंचाण्णव-शंभर दिवसांत येणारं, पानं गळून शेंगा पिवळ्या झालेल्या. शनिवारी आणि रविवारी मजूर लावून त्यानं सगळं कापून घेतलं. तीन एकरांचं गोळा करून ओढ्याकाठी बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, रचली, दोन एकरांचं तसंच रानात पसरून ठेवलं. मळणीसाठी हडंबा मंगळवारी येणार होता.

त्याच रविवारी, 26 सप्टेंबरला संध्याकाळी, गुलाब नावाचं चक्रीवादळ आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 75 ते 85 किलोमीटर, झोत 95 पर्यंत. वादळांच्या हिशेबात हे लहानच. कलिंगपट्टणम आणि लातूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, मधलं अंतर सुमारे 800 किलोमीटर. हे मी वर्गात नकाशावर बोट ठेवून नंतर कितीदा दाखवलं असेल. त्या रविवारी मात्र माझ्याच डोक्यात आलं नाही की ते सरळ रेषेत आपल्याकडं निघालं आहे.

जमिनीवर आल्यावर वादळाचं इंधन तुटतं. समुद्राची वाफ मिळेनाशी होते, वारा मंदावतो. सोमवारी गुलाबचा कमी दाबाचा पट्टा झाला आणि तेलंगण ओलांडून मंगळवारी तो मराठवाडा-विदर्भावर आला. वारा संपला होता, पाऊस संपला नव्हता. मोसमी वारे अजून माघारी फिरले नव्हते, ते अरबी समुद्राची वाफ या भोवऱ्याला पुरवत राहिले. खाली आमची काळी जमीन महिनाभराच्या पावसानं तुडुंब. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या जमिनीला, पण एकदा त्या मिटल्या की पाणी आत मुरत नाही, वरून पळतं.

सोमवारी रात्रभर कोसळला. मंगळवारी सकाळी मांजरा धरणाचे 18 दरवाजे उघडल्याची बातमी आली. लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत नदीकाठची गावं वेढली गेली, माणसं हेलिकॉप्टरनं आणि बोटींनी बाहेर काढावी लागली. नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून वाहून गेली. ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्याच लातूरची ही गोष्ट. साडेपाच वर्षांचंच अंतर.

दादाची बनीम पूर्ण वाहून गेली नाही. ओढ्याचं पाणी तिच्या कमरेपर्यंत चढलं आणि उतरलं. बुधवारी सकाळी तिच्या आत हात घातला तर आतलं काड गरम लागत होतं. आंबूस वास येत होता, शिळ्या ताकासारखा. रानात पसरलेल्या दोन एकरांचं तर डोळ्यांदेखत गवत होत होतं. शेंगा तडकून त्यातून पांढरे कोंब बाहेर आलेले, काही दाणे काळे पडून बोटानं दाबले की पिठासारखे फुटत होते. वहिनी बांधावर बसून होत्या. पितृपक्षाचा पंधरवडा चालू होता, आणि आमच्या भागात सप्टेंबरचा शेवट तसाही जड जातो. 30 तारीख किल्लारीची. दुसऱ्या दिवशी त्या भूकंपाला 28 वर्षं होणार होती.

पारावरचा वाद

दावा परत आल्यावर एका संध्याकाळी पारावर हा विषय निघाला. आमचे थोरले चुलते तात्या, निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढं. आणि दादाचा मुलगा, परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा.

पुतण्या तावातावानं म्हणाला, "तात्या, हे सगळं हवामानबदलामुळं आहे. पूर्वी असं कव्हाच होत नव्हतं."

तात्यांनी शांतपणे विचारलं, "कव्हाच नव्हतं? मंग एकोणीसशे आठची मुसी कोन आनली होती, बाळा?"

आमचे खापरपणजोबा निजामाच्या नोकरीत हैदराबादला होते, त्यामुळं ही गोष्ट घरात चालत आलेली. 28 सप्टेंबर 1908. बंगालच्या उपसागरातून आलेल्या वादळी भोवऱ्यानं हैदराबादच्या वरच्या अंगाला पाऊस पाडला आणि मुसी नदी शहरात शिरली. पंधरा हजारांच्या आसपास माणसं गेली असं मानतात. अफझलगंजच्या एका चिंचेवर चढून बसलेली दीडशे माणसं वाचली, ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. पुढच्या वर्षी निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावलं, आणि त्यांच्या सल्ल्यातून उस्मानसागर, हिमायतसागर उभे राहिले. तात्यांनी तारखेवर बोट ठेवलं: मुसीचा पूर आणि आमच्याकडचा पूर, दोन्ही 28 सप्टेंबरचे. मध्ये 113 वर्षं. "तव्हा कुठं होत्या मोटारी? कुठं होते कारखाने?"

हा प्रश्न साधा नाही. जगभर हवामानबदलावरच्या वादात हाच प्रश्न वेगवेगळ्या वादळांची नावं घेऊन विचारला जातो. 1780 च्या ऑक्टोबरमध्ये कॅरिबियन बेटांवर आलेल्या महावादळात 22 हजारांवर माणसं मेली. 1900 साली टेक्ससमधलं गॅल्व्हस्टन शहर एका रात्रीत धुऊन निघालं, मृत्यू आठ हजारांच्या घरात. 1970 मध्ये आजच्या बांगलादेशावर आलेलं भोला चक्रीवादळ तर तीन ते पाच लाख जीव घेऊन गेलं. आपल्या शेजारच्या आंध्रात, दिवीसीमेत, 19 नोव्हेंबर 1977 ला जे झालं ते तात्यांच्या पिढीला आठवतं, दहा हजारांवर बळी. जुनी वादळं याहून भयंकर होती, मग आता नवं काय?

मी तात्यांना म्हणालो, "तात्या, तुम्ही माणसं मोजताय. वादळ मोजत नाही."

ओडिशाचं उदाहरण यासाठी मला फार मोलाचं वाटतं. 1999 च्या 29 ऑक्टोबरला आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये फायलिन त्याच राज्याच्या किनाऱ्यावर आलं, तेही अतितीव्र, पण मृत्यू पन्नासच्या आत राहिले. समुद्र दयाळू झाला नव्हता. मधल्या 14 वर्षांत निवारे बांधले गेले, इशारा गावापर्यंत पोहोचू लागला, लाखो माणसं आधी हलवली गेली. म्हणून मृतांच्या आकड्यावरून वादळं वाढली की घटली हे ठरत नाही. त्या आकड्यातून माणसाची तयारी कळते. 1780 ला बार्बाडोसच्या माणसाला आदल्या दिवशी काहीच कळण्याची सोय नव्हती.

पैशाच्या नुकसानीचंही तसंच. अमेरिकेत 1926 साली मायामीवर वादळ आलं तेव्हा ते शहर लहान होतं. तेच वादळ आजच्या मायामीवर आलं तर होणारं नुकसान अमेरिकेच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक ठरेल असा हिशेब रॉजर पिल्के आणि ख्रिस लँडसी या अमेरिकन अभ्यासकांनी 1998 मध्ये मांडला. म्हणजे नुकसान वाढलं म्हणून वादळ वाढलं असंही म्हणता येत नाही. पुतण्याला हे आवडलं नाही, पण ते खरं आहे.

आणि हे आमच्या शिवाराला जसंच्या तसं लागू पडतं. तात्या तरुण असताना याच रानात खरिपाला मूग-उडीद आणि मागून रब्बीची ज्वारी असायची. मूग-उडीद सप्टेंबरच्या आधीच घरात. हस्ताचा पाऊस, ज्याला आम्ही हत्तीचा पाऊस म्हणतो, तो ज्वारीच्या पेरणीला ओल देऊन जायचा. मातीच्या भिंती पडायच्या, पण शेतकरी त्या पावसाची वाट बघायचा. सूर्य हस्तात जातो तो 27 सप्टेंबरच्या सुमारास. आता नेमक्या त्याच आठवड्यात लातूर जिल्ह्यातलं बहुतेक सोयाबीन कापून उघड्यावर पडलेलं असतं. तोच पाऊस, तीच तारीख, फक्त रानात पीक वेगळं. 2021 च्या नुकसानीचा मोठा वाटा इथून आला आणि त्याला हवामानबदल जबाबदार नाही. हे मी पुतण्याला स्पष्ट सांगितलं.

मग बदललं काय

पण एवढ्यावर तात्या जिंकले असं म्हणून उठणं बरोबर नव्हतं, आणि मी उठलो नाही.

वादळांची संख्या हा या वादातला सगळ्यात कच्चा धागा आहे. पहिला हवामान उपग्रह 1960 साली वर गेला. त्याआधी समुद्रात उठून समुद्रातच विरलेलं वादळ कोणी पाहिलं तर एखाद्या जहाजानं, आणि त्या जहाजाचा कप्तान वाचला तर नोंद. त्यामुळं शंभर वर्षांपूर्वी दर वर्षी किती वादळं होत होती हे ठामपणे सांगणं अवघड. 2005 साली हा वाद फार पेटला होता. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला केरी इमॅन्युएल या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञांचा लेख आला, की गेल्या काही दशकांत वादळांची एकूण विध्वंसक ऊर्जा वाढली आहे. त्याच महिन्याच्या 29 तारखेला कॅटरिना वादळ अमेरिकेतल्या लुइझियानावर आदळलं. लँडसींसारखे अभ्यासक तेव्हा म्हणत होते की जुन्या नोंदीच अपुऱ्या आहेत, त्यावर एवढी मोठी इमारत बांधू नका. त्यांची शंका रास्त होती, आणि शास्त्रानं ती झिडकारली नाही. 9 ऑगस्ट 2021 ला, म्हणजे आमच्या पुराच्या सात आठवडे आधी, आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञ-मंडळाच्या, सहाव्या अहवालाचा पहिला भाग आला. त्यातही शंभर वर्षांच्या पट्ट्यात एकूण वादळांची संख्या वाढली का, याबद्दल खात्री कमीच दाखवली आहे. पण त्याच अहवालानं दोन गोष्टी सांगितल्या. गेल्या चार दशकांत वादळांमध्ये तीव्र वादळांचं प्रमाण वाढल्याचं दिसतं. आणि माणसामुळं झालेल्या तापमानवाढीनं चक्रीवादळांबरोबर येणारा अतिपाऊस वाढला आहे, याबद्दल मात्र भक्कम खात्री आहे.

मराठवाड्यासाठी सगळा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे. आमच्याकडं वारा पोहोचतच नाही. आमच्याकडं पोहोचतो तो पाऊस.

पारावर मी हे भाकरीच्या तव्यावरून समजावलं. तवा जितका तापेल तितकं त्यावर शिंपडलेलं पाणी लवकर वाफ होतं, आणि गरम हवेत ती वाफ जास्त मावते. हवेचं तापमान एक अंशानं वाढलं की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त बाष्प मावतं. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालानुसार उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग 1951 ते 2015 या काळात सरासरी एक अंश सेल्सिअसनं तापला. म्हणजे 1908 च्या भोवऱ्याला वाफ पुरवणारा समुद्र आणि 2021 च्या भोवऱ्याला पुरवणारा समुद्र एकसारखे नाहीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 मध्ये तिपटीनं वाढल्या, आणि त्यांना लागणारी जादा वाफ अरबी समुद्राकडून येते. त्याच संस्थेच्या 2021 च्या अभ्यासात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढलेली आढळली, तर बंगालच्या उपसागरातली किंचित घटलेली.

तात्या लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "मंग आपल्या पावसातला किती त्या गरमीचा, आन किती हत्तीचा?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गातही कोणी विचारला नव्हता. आमच्या पावसाचा तसा हिशेब माझ्यापाशी नव्हता, म्हणून दुसऱ्या वादळाचा सांगितला. 2017 च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळ टेक्ससवर येऊन थबकलं, वारा उतरला आणि पाऊस चार दिवस पडत राहिला. नेडरलँड या गावी 1,539 मिलिमीटर, लातूरच्या जवळजवळ दोन वर्षांचा पाऊस. शास्त्रज्ञांनी संगणकावर दोन जगं चालवली, एक आजचं आणि एक माणसानं न तापवलेलं, आणि दोन्हींतला पाऊस ताडून पाहिला. उत्तर आलं की हार्वेचा पाऊस तापमानवाढीमुळं सुमारे 15 टक्क्यांनी वाढला होता. म्हणजे उरलेला पाऊस तसाही पडलाच असता. "जुने शंभर, त्यावर पंधरा नवे," मी म्हणालो. "पण तात्या, ओढ्याचं पाणी बनमीच्या पायाशी थांबायचं की कमरेला लागायचं, हे त्या शेवटच्या पंधरांवर ठरू शकतं."

पुतण्या काही बोलला नाही. तात्या म्हणाले, "हे पटण्यासारखं हाय."

अर्जाचं पुढं काय झालं

वाद पारावर मिटला, दावा नाही. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत तेव्हा काढणीनंतरच्या नुकसानीला संरक्षण होतं: कापून शेतात सुकत पसरलेल्या पिकाला, काढणीपासून 14 दिवसांपर्यंत, कळवायची मुदत 72 तास. पण कारणं मोजकी होती. गारपीट, चक्रीवादळ, चक्रीवादळामुळं आलेला पाऊस, आणि अवेळी पाऊस. पूर हे कारण उभ्या पिकाच्या कलमात बसायचं, कापलेल्या पिकाच्या नाही. सप्टेंबरचा पाऊस म्हणजे अवेळी असंही नाही. म्हणजे दादाच्या दोन एकरांचं सगळं भवितव्य एका शब्दावर आलं: 28 सप्टेंबरचा तो पाऊस चक्रीवादळाचा होता की नव्हता?

विमा प्रतिनिधीचं म्हणणं, लातूरला चक्रीवादळ आलंच नाही, ते आंध्रात संपलं. शब्दाला शब्द लावला तर खरंच, मंगळवारी त्याला चक्रीवादळ म्हणण्याइतका वारा उरला नव्हता. मी आणि पुतण्यानं हवामान खात्याची त्या आठवड्यातली पत्रकं गोळा केली. त्यात गुलाबचा अवशेष कोणत्या दिवशी कुठं होता हे तारीखवार लिहिलेलं होतं. आणखी एक पुरावा समुद्रानंच दिला. तोच अवशेष गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, 1 ऑक्टोबरला त्याचं पुन्हा चक्रीवादळ झालं, नाव मिळालं शाहीन, आणि 3 ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर गेलं. त्या किनाऱ्यानं असं वादळ 1890 नंतर पाहिलं नव्हतं. एका टोकाला कलिंगपट्टणम, दुसऱ्या टोकाला ओमान, आणि मधल्या रेषेवर आमचा ओढा. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढं दादानं तोच नकाशा ठेवला. पुतण्यानं त्यावर लाल पेनानं रेघ ओढली होती.

समितीनं पसरलेल्या दोन एकरांचं म्हणणं मान्य केलं. बनमीचं नाही. रचून ठेवलेलं पीक सुकत पसरलेलं धरता येत नाही, असा अर्थ काढला गेला. मला हा अर्थ आजही अन्यायाचा वाटतो. आमच्याकडं मळणीयंत्र येईपर्यंत कोणीही सोयाबीन रानभर पसरून ठेवत नाही. पाऊस येईल म्हणूनच तर बनीम रचतात. ज्यानं पीक वाचवायची धडपड केली त्याचंच पीक कलमाबाहेर गेलं. शिवारातली रीत आणि कलमाची भाषा यांची गाठ कधीतरी घालून दिली पाहिजे.

राज्य सरकारनं ऑक्टोबरात मदत जाहीर केली होती, जिरायतीला हेक्टरी 10,000 रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. ती रक्कम आणि विम्याचे थोडे पैसे मिळून बियाण्याचा आणि मजुरीचा खर्च निघाला. बनमीतला निम्मा माल नंतर मळला, पण व्यापाऱ्यानं मूठ नाकाला लावून बघितली आणि भाव अर्ध्यावर आणला.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त सलते ती सोमवारची दुपार. हवामान खात्याचा इशारा आला होता. मोबाइलवर होता, वर्तमानपत्रात होता. पण त्यात वादळ होतं, समुद्र होता, मच्छीमारांना सूचना होत्या, जोरदार पावसाचा अंदाज होता. कापलेलं सोयाबीन उद्यापर्यंत उंचावर न्या, हे वाक्य नव्हतं. फायलिनच्या वेळी ओडिशात इशारा माणसाच्या दारापर्यंत गेला होता. आमच्या दारापर्यंत तो बातमी म्हणून आला, काम म्हणून नाही. आणि मी, ज्याला अक्षांश माहीत होते, मीसुद्धा दादाला फोन केला नाही.

त्यानंतर पुतण्यानं गावातल्या साठ-सत्तर शेतकऱ्यांचा एक गट मोबाइलवर केला आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा दिसला की तो त्या दिवशीचा नकाशा टाकतो आणि खाली दोनच ओळी लिहितो: आपल्याकडं कोणत्या वारी पोहोचेल, आणि तोपर्यंत काय करायचं. दादानं बनमीची जागा बदलली. ओढ्याकाठचं रान सपाट, हडंबा तिथं सहज जातो, तरी आता ती वरच्या माळावर, दगडी बांधावर रचली जाते, खाली कापसाच्या पळकाट्यांचा थर आणि वर ताडपत्री. तीन एकरांचं काड तिथवर चढवायला बैलगाडीच्या दोन-तीन खेपा जास्त लागतात.

पहिल्या वर्षी त्या खेपा चालू असताना तात्या बांधावर काठी टेकून उभे होते. आभाळ निरभ्र होतं. त्यांनी पुतण्याला हाक मारली आणि विचारलं, "कलिंगपट्टणमला आज काय म्हनतंय रे?"